विम्याला कुटुंब दिसत नाही, पेशंट दिसतो

पहिल्याच फोनवर मी चुकीचा शब्द वापरला आणि त्यात आमचा दीड महिना गेला. "आम्हाला फॅमिली थेरपी हवी आहे," एवढंच मी म्हणाले. पलीकडच्या बाईंनी अगदी नम्रपणे सांगितलं, की नातेसंबंधांचं समुपदेशन तुमच्या प्लॅनमध्ये बसत नाही. मी "थँक यू" म्हणून फोन ठेवून दिला. माझी चौदा वर्षांची लेक तेव्हा दिवसाला अर्धी पोळी आणि काकडीच्या चकत्यांवर आली होती. डॉक्टरांनी अ‍ॅनोरेक्सिया (वजन वाढायच्या भीतीने खाणं तोडण्याचा मानसिक आजार) असं निदान लिहून दिलं होतं, उपचारही त्यांनीच सुचवला होता. त्या उपचाराला मी माझ्याच तोंडाने भलतंच नाव देऊन बसले होते.

हे तिच्या परवानगीने लिहिते आहे. ती आता कॉलेजात आहे आणि पोटभर जेवते. त्या वर्षी मला कुणीतरी शेजारी बसून जे सांगायला हवं होतं, ते अमेरिकेतल्या मराठी आईबाबांसाठी लिहून ठेवते. आम्ही बे एरियात राहतो, म्हणून काही नियम कॅलिफोर्नियाचे येतील. गाभा मात्र देशभर तोच आहे.

तो गाभा असा. आरोग्य विम्याच्या करारात 'कुटुंब' नावाचा कुणी आजारी माणूस नसतो. आजार एका माणसाला होतो, त्याच्या निदानाला एक क्रमांक असतो, आणि त्या आजारासाठी अमुक उपचार वैद्यकीयदृष्ट्या गरजेचा आहे हे पटलं की विमा पैसे देतो. याला इथे 'मेडिकल नेसेसिटी' म्हणतात आणि पुढची सगळी पत्रापत्री याच दोन शब्दांभोवती फिरते. घरातला बेबनाव, नवरा-बायकोतला दुरावा, आईबाप आणि मुलांचं न पटणं यांनाही निदानाच्या यादीत क्रमांक आहेत, पण ते 'झेड' अक्षराने सुरू होतात. झेड ६३.० म्हणजे जोडीदाराशी असलेल्या नात्यातल्या अडचणी. झेडचा क्रमांक मुख्य निदान म्हणून एकटाच लिहिला, तर बहुतेक प्लॅन पैसे देत नाहीत. त्यांच्या लेखी ती परिस्थिती झाली, आजार नव्हे. मानसिक आजारांचे क्रमांक 'एफ'ने सुरू होतात. अ‍ॅनोरेक्सिया एफ ५० मध्ये येतो, ओसीडी (तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार) एफ ४२ मध्ये, नैराश्य एफ ३२ किंवा एफ ३३ मध्ये.

म्हणजे मी फोनवर म्हणायला हवं होतं ते असं: "माझ्या मुलीला अ‍ॅनोरेक्सियाचं निदान झालं आहे. त्या आजारावरचा उपचार म्हणून डॉक्टरांनी कुटुंबासह होणारी सायकोथेरपी सांगितली आहे. सेवेचे कोड ९०८४७ आणि ९०८४६. याला आधी ऑथरायझेशन (मंजुरी) लागतं का?"

यात शब्दांची चलाखी नाही. जे खरं आहे तेच विम्याच्या भाषेत सांगायचं आहे. उलटं मात्र कधीही करू नका. घरात नुसती भांडणं आहेत, कुणालाच आजार नाही, पण विमा मिळावा म्हणून थेरपिस्टला मुलाच्या नावावर निदान लिहायला लावायचं, हा फसवणुकीचा प्रकार आहे, आणि ते निदान त्या मुलाच्या कागदपत्रांत पुढे राहतं. अशा वेळी स्वतःच्या खिशातून पैसे देऊन समुपदेशन घेतलेलं बरं.

आता त्या दोन कोडांबद्दल थोडं सविस्तर, कारण आमचे पैसे इथेच अडकले. ९०८४७ म्हणजे पेशंट हजर असताना कुटुंबासह झालेली बैठक. ९०८४६ म्हणजे पेशंट बाहेर आणि थेरपिस्टसमोर फक्त आईबाबा. अनेक कुटुंबं एकत्र बसतात त्या गटासाठी ९०८४९ हा तिसरा कोड आहे. पहिले दोन कोड लावायचे तर बैठक कमीत कमी २६ मिनिटांची व्हावी लागते. आमच्या पहिल्या मंजुरीपत्रात फक्त ९०८४७ होता. मधल्या काळात थेरपिस्टने आम्हा दोघांना तीनदा वेगळं बोलावलं आणि ती तिन्ही बिलं परत आली. मंजुरी मागतानाच दोन्ही कोड मागायचे, हे आम्ही पैसे भरून शिकलो.

उपचारात कुटुंब का लागतं, हे आपल्याला नीट सांगता आलं पाहिजे, कारण विमा कंपनी तेच विचारते. आमच्या मुलीला जो उपचार मिळाला त्याला फॅमिली-बेस्ड ट्रीटमेंट म्हणतात. १९८० च्या दशकात लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात त्याची सुरुवात झाली. साधारण वीस बैठका, सहा महिने ते वर्षभर. पहिल्या टप्प्यात काय, किती आणि केव्हा खायचं हे सगळं आईबाबा हातात घेतात, कारण आजाराने मुलाच्या हातातून तो निर्णय काढून घेतलेला असतो. वजन सावरलं की हळूहळू तो हक्क मुलाला परत द्यायचा. शेवटी वयाला साजेशा बाकीच्या गोष्टींकडे वळायचं. आजार आईबापांमुळे झाला असं हा उपचार मानत नाही. हे वाक्य मी थेरपिस्टकडून तीन वेळा वदवून घेतलं. तोवर रात्री उशाशी एकच प्रश्न असायचा, आपलं कुठे चुकलं.

दुसऱ्या बैठकीला घरचं जेवण घेऊन जायचं आणि सगळ्यांनी तिथेच जेवायचं अशी पद्धत आहे. मी वरणभात, तूप आणि बटाट्याची भाजी डब्यात नेली. घरात राहणारा प्रत्येक जण बैठकीला हवा असतो. तेव्हा नाशिकहून माझ्या सासूबाई आलेल्या होत्या. "नको म्हणते तर नको गं बळजबरी करूस," असं त्या मायेने म्हणायच्या आणि तिचं ताट उचलायच्या. ताट का उचलायचं नाही, हे त्यांना त्या खोलीतच समजलं. मी घरी महिनाभर सांगून समजलं नव्हतं. एकट्या मुलीने थेरपिस्टकडे तासभर बोलून हे झालं नसतं. विम्याच्या पत्रात हेच लिहावं लागतं: दिवसातून पाच-सहा वेळा होणारं खाणं हाच इथला उपचार आहे, आणि तो देणारी माणसं घरात आहेत.

फोन करण्याआधी

विमा कार्डाच्या मागे बहुतेकदा दोन-तीन नंबर असतात. मानसिक आरोग्याचं काम पुष्कळ प्लॅन वेगळ्याच कंपनीकडे सोपवतात. 'बिहेवियरल हेल्थ' किंवा 'मेंटल हेल्थ' असं लिहिलेला नंबर शोधा. मुख्य नंबरवर अर्धा तास ताटकळून "आमच्याकडे नाही" ऐकण्यात काही अर्थ नाही.

एक वही करा. प्रत्येक फोनची तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव आणि कॉलचा रेफरन्स नंबर तिच्यात लिहा. तो नंबर मागितल्याशिवाय मिळत नाही. पुढे "असं आम्ही कधी सांगितलंच नाही" म्हणायची वेळ आली की ही वही उपयोगी पडते. इंग्रजीत बोलताना आजी-आजोबा किंवा तुम्ही स्वतः अडखळत असाल, तर फोनवर मराठी दुभाषा मागता येतो. बहुतेक विमा कंपन्या ही सोय मोफत देतात, फक्त सुरुवातीलाच सांगावं लागतं.

विचारायचं काय, तर या कोडांना आधी मंजुरी लागते का. लागत असेल तर अर्ज कोण करणार, थेरपिस्ट की आम्ही. डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे द्यायला लागण्याआधी वर्षाला आपण भरायची रक्कम, किती उरलं आहे आणि को-पे, म्हणजे दर भेटीला आपण भरायचा वाटा, किती पडेल. आणि तुमच्या नेटवर्कमध्ये (म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या डॉक्टर-थेरपिस्टांमध्ये), आमच्या घरापासून जाण्याजोग्या अंतरावर, किशोरवयीन मुलांच्या अ‍ॅनोरेक्सियासाठी हाच उपचार शिकलेलं कोण आहे. या शेवटच्या प्रश्नावर समोरून यादी येते. त्या यादीवर लगेच विश्वास ठेवू नका.

आम्हाला सतरा नावं मिळाली. सात जण नवीन पेशंट घेत नव्हते. चौघे फक्त प्रौढांवर उपचार करत होते. तीन नंबर बंद होते. दोघांनी हा उपचार शिकलेला नव्हता, आणि उरलेल्या एकीकडे चार महिन्यांची वाट होती. त्या दिवशी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडले. पण खरं म्हणजे माझ्या हातात त्या दिवशी सगळ्यात कामाचा कागद आला होता. सतरा नावं, सतरा तारखा, सतरा उत्तरं. नेटवर्कमध्ये हा उपचार देणारं कुणी नाही, याचा तो पुरावा होता.

असा पुरावा असला की मागायची गोष्ट म्हणजे 'सिंगल केस अ‍ॅग्रीमेंट'. नेटवर्कबाहेरचा एक थेरपिस्ट आणि विमा कंपनी यांच्यात, फक्त तुमच्या पेशंटपुरता केलेला करार. दर त्यांनी आपापसात ठरवायचा, आणि तुम्ही नेटवर्कमधल्यासारखाच को-पे भरायचा. काही ठिकाणी याला 'नेटवर्क गॅप एक्सेप्शन' म्हणतात. याची जाहिरात कुणी करत नाही, नाव घेऊन मागावी लागते. कॅलिफोर्नियात यामागे कायदाही आहे. तातडीची नसलेली मानसिक आरोग्याची भेट दहा कामाच्या दिवसांत मिळायला हवी. आणि २०२१ च्या जानेवारीपासून लागू असलेल्या एसबी ८५५ या कायद्याप्रमाणे, नेटवर्कमध्ये वेळेत उपचार मिळत नसेल तर प्लॅनने बाहेर सोय करून द्यायची, तीही नेटवर्कच्याच खर्चात. त्याच कायद्यात असंही आहे की उपचार गरजेचा आहे की नाही हे त्या क्षेत्रातल्या मान्य वैद्यकीय निकषांवर ठरवायचं.

पुण्यातल्या एखाद्या मराठी मानसोपचारतज्ज्ञाकडे व्हिडिओवर उपचार घेतले तर चालतील का, असं मला बऱ्याच जणी विचारतात. भाषेचा ओलावा मिळतो, हे मला कळतं. पण इथला विमा त्याचे पैसे देणार नाही. थेरपिस्टकडे पेशंट ज्या राज्यात बसला आहे त्या राज्याचा परवाना लागतो.

पत्रात काय हवं

मंजुरीचा अर्ज आणि त्यासोबतचं 'लेटर ऑफ मेडिकल नेसेसिटी' थेरपिस्ट किंवा डॉक्टर लिहितात. पण त्यात भरायचा मजकूर आपल्याच घरात असतो. बालरोगतज्ज्ञांकडून वाढीचा आलेख मागून घ्या, वजन कुठल्या महिन्यापासून घसरलं ते त्यावर स्पष्ट दिसतं. नाडीचे ठोके, रक्तदाब, पाळी थांबली असेल तर केव्हापासून, शाळा किती दिवस बुडाली, इमर्जन्सीत जावं लागलं का, आधी कुठले उपचार केले आणि त्यांनी काय झालं नाही. आमच्या पहिल्या पत्रात "कुटुंबात खूप ताण आहे" असं वाक्य होतं. दुसऱ्या पत्रात ते काढून तिथे वजनाचे आकडे आले. ताण खराच होता, पण वाचणाऱ्याला त्यातून आजार दिसत नव्हता.

उपचार कुठला, किती बैठका, किती आठवडे, आणि सुधारणा कशावर मोजणार, हेही पत्रात हवं. आणखी एक मुद्दा थेरपिस्टला लिहायला सांगा: हा उपचार मिळाला नाही तर पुढची पायरी रुग्णालयात भरती होण्याची आहे. आईला हे वाचवत नाही. तरी लिहिलं जाऊ द्या.

इथे एक थांबून सांगायला हवं. मंजुरीची वाट बघताना मूल चक्कर येऊन पडलं, नाडी फार मंद झाली, किंवा जीव नकोसा झाल्याचं बोललं, तर कागद बाजूला ठेवा आणि इमर्जन्सीत जा. इमर्जन्सीच्या उपचारांना आधी मंजुरी घ्या अशी अट विमा कंपनीला घालता येत नाही, तसा केंद्राचा कायदाच आहे. जीव नकोसा झालेल्यांसाठी असलेल्या ९८८ या मदतीच्या नंबरवर फोन किंवा मेसेज केला तर दिवसरात्र माणूस बोलतो.

नाही म्हणाले तर

आम्हाला पहिल्यांदा नकारच आला. कारण दिलं होतं, की मुलीला एकटीला आठवड्यातून एकदा थेरपी पुरेशी आहे. त्या पत्रावर माझा नवरा म्हणाला, "जाऊ दे, आपण पैसे भरू." आपल्याकडे हे फार होतं. कुणाशी वाद नको, कुणापुढे हात पसरायला नको. पण हप्ता दर महिन्याला पगारातून कापला जात होता. आपण भरलेल्या विम्याचं मागणं म्हणजे हात पसरणं नाही.

तोंडी नकार मोजू नका, लेखी मागा. कुठल्या निकषावर नाकारलं तो निकष आणि तुमची संपूर्ण फाइल मागा, ती फुकट द्यावी लागते. थेरपिस्टला 'पीअर टू पीअर' मागायला सांगा, म्हणजे ते विमा कंपनीच्या डॉक्टरांशी थेट बोलतील. बऱ्याच गोष्टी तिथेच सुटतात. नाही सुटली तर अपील. नोकरीतून मिळालेल्या प्लॅनमध्ये अपिलासाठी नकार मिळाल्यापासून १८० दिवस असतात. उपचार सुरू व्हायच्या आधीचं अपील असेल तर ३० दिवसांत निर्णय द्यावा लागतो, आणि डॉक्टरांनी तातडीचं आहे असं लिहून दिलं तर ७२ तासांत. 'तातडीचं' हा शब्द डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आमच्या अपिलात थेरपिस्टने एका अभ्यासाचा हवाला दिला. २०१० साली प्रसिद्ध झालेला, अ‍ॅनोरेक्सिया असलेल्या १२१ मुलामुलींवरचा. निम्म्यांना कुटुंबाधारित उपचार, निम्म्यांना एकट्याने थेरपी. उपचार संपून वर्ष झाल्यावर पहिल्या गटात ४९ टक्के मुलं आजारातून पूर्ण बाहेर होती, दुसऱ्या गटात २३ टक्के. "एकटीला थेरपी पुरेशी आहे" या वाक्याला याहून सरळ उत्तर नव्हतं.

दुसरा आधार २००८ च्या पॅरिटी (समानता) कायद्याचा. त्याचं सोपं सूत्र असं, की प्लॅन मानसिक आजारांचा समावेश करत असेल, तर शारीरिक आजारांपेक्षा कडक अटी त्यांना लावता येत नाहीत. मधुमेहाच्या पेशंटला दर पाच भेटींनंतर नव्याने मंजुरी मागत नसाल, तर इथे का मागता, असं विचारायचं. २०२१ पासून प्लॅनना अशा अटींची तुलना लिहून ठेवावी लागते, आणि नोकरीतल्या प्लॅनच्या सदस्याला ती मागता येते. आमच्या अनुभवात ही तुलना नुसती मागितल्यावर पलीकडचा सूर बदलला.

अंतर्गत अपीलही फेटाळलं, तर बाहेरच्या स्वतंत्र तज्ज्ञांकडून तपासणी मागता येते. नियम साधारण असा, की अंतिम नकारापासून चार महिन्यांच्या आत अर्ज करायचा, आणि त्यांचा निर्णय विमा कंपनीला पाळावाच लागतो. कॅलिफोर्नियात बहुतेक प्लॅनसाठी हे काम डिपार्टमेंट ऑफ मॅनेज्ड हेल्थ केअर हे राज्य सरकारचं खातं करतं, पेशंटला फुकट. त्यांचा मदत क्रमांक १-८८८-४६६-२२१९.

पण दार नेमकं कुठलं ठोठवायचं, हे एका गोष्टीवर ठरतं, आणि ती कार्डावर लिहिलेली नसते. मोठ्या कंपन्यांचे प्लॅन बहुधा 'सेल्फ-फंडेड' असतात. कार्डावर विमा कंपनीचं नाव असलं, तरी उपचाराचा पैसा तुमच्या नोकरीच्या कंपनीचा असतो, विमा कंपनी फक्त हिशेब बघते. नोकरीतून विमा असलेल्या दहापैकी सहाहून अधिक लोकांचा प्लॅन असाच आहे, आणि आपली मराठी मंडळी ज्या मोठ्या टेक कंपन्यांत आहेत तिथे तर हमखास. अशा प्लॅनवर राज्याचे विमा कायदे चालत नाहीत, म्हणजे वर सांगितलेला एसबी ८५५ सुद्धा नाही. तिथे केंद्राच्या कामगार खात्याकडे जायचं, नंबर १-८६६-४४४-३२७२. त्यांचे सल्लागार शांतपणे ऐकून घेतात. दुसरी वाट म्हणजे एचआरमधल्या बेनिफिट्सच्या माणसाला विचारायचं. पैसा कंपनीचाच असल्यामुळे त्यांच्या एका ईमेलने पुष्कळदा गाडं हलतं. प्लॅन कुठल्या प्रकारचा, हेही त्यांनाच एका ओळीत विचारता येतं.

एचआरला सांगितलं तर ऑफिसात कळेल ही धास्ती मलाही होती. निदान सांगायची गरजच नाही. "कुटुंबातल्या एका सदस्याच्या मंजूर न झालेल्या उपचाराबद्दल" एवढं पुरे. पेशंटची वैद्यकीय माहिती नोकरीच्या निर्णयांसाठी वापरायला कायद्याने बंदी आहे. व्हिसावर असलेल्यांची आणखी एक भीती असते, ग्रीन कार्ड अडेल का. खासगी विमा वापरणं म्हणजे सरकारी मदत घेणं नव्हे. 'पब्लिक चार्ज'च्या, म्हणजे हा माणूस सरकारी मदतीवर अवलंबून राहील का या, हिशेबात ते धरत नाहीत.

मंजुरी आल्यावर

पत्र आलं की पाच गोष्टी ताडून बघा: पेशंटचं नाव, थेरपिस्टचं नाव, कोड, बैठकांची संख्या आणि तारखा. मंजुरीच्या आधीच्या तारखेची बैठक सहसा धरत नाहीत. पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ही मंजुरी म्हणजे पैसे देण्याची हमी नव्हे. त्याने घाबरू नका, पण बिलं तपासत राहा.

आम्हाला दहा बैठका मिळाल्या होत्या. फ्रिजवर कागद लावून एकेक खोडत गेलो. सातव्या बैठकीला थेरपिस्टला पुढच्या दहांचा अर्ज करायची आठवण दिली. त्यात एक बारकावा असतो. सुधारणा नाही असं लिहिलं तर म्हणतात उपचार लागू पडत नाही, खूप सुधारणा लिहिली तर म्हणतात मग आता गरज काय. दोन्ही लिहायचं: वजन इतकं वाढलं, आणि अजून ती शाळेत एकटी असताना डबा खात नाही.

आणि जानेवारीकडे लक्ष ठेवा. नोव्हेंबरमध्ये ऑफिसात प्लॅन बदलायची मुदत येते, दोन पैसे वाचतात म्हणून आपण दुसरा प्लॅन घेतो, आणि १ जानेवारीला जुनी मंजुरी, जुना करार, भरलेलं डिडक्टिबल सगळं शून्यावर येतं. उपचार चालू असताना प्लॅन बदलावाच लागला, तर नव्या कंपनीकडे पहिल्याच आठवड्यात 'कंटिन्युइटी ऑफ केअर'चा अर्ज करा, म्हणजे निदान काही काळ तोच थेरपिस्ट चालू ठेवता येण्याची शक्यता राहते. त्या वर्षी नवरा नवीन नोकरीची ऑफर घेऊन बसला होता. रुजू व्हायची तारीख त्याने मार्चपर्यंत पुढे ढकलून घेतली. विसावी बैठक फेब्रुवारीच्या शेवटच्या गुरुवारी झाली.